हळदीच्या वावरातलं नळकांडं

मी काय शिकते असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचा अंदाज घेते. 'कॉम्प्युटरमधलं' म्हटलं की मावश्या खूश होतात आणि विषय संपतो. खरं सांगायला गेलं की फजिती ठरलेली. पाण्याखाली ठेवलेली छोटी यंत्रं एकमेकांशी आवाजानं बोलतात, आणि त्या आवाजावरून कुठलं यंत्र नेमकं कुठं आहे हे शोधून काढायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय. हे ऐकून लातूरच्या एका लग्नात एक काका म्हणाले, "समुद्र कुठाय गं आपल्याकडं? रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव आपलं!" आख्खी पंगत हसली. मला असा राग आला की ताटातली जिलेबी तशीच टाकून उठले. नंतर दोन दिवस त्या जिलेबीची हळहळ वाटत राहिली, काकांची अजिबात नाही.

समुद्र कशाला पाहिजे? आपल्या तलावांच्या आणि धरणांच्या पोटात काय चाललंय हे तरी आपल्याला कुठं माहीत असतं? गाळ कुठं साचला, तळाचं पाणी किती गार, ते कधी हलतं, हे सगळं तळाशी यंत्रं ठेवली तर कळू शकतं. अडचण अशी की हातभर पाण्याखाली गेलं की मोबाइल मुका होतो आणि जीपीएस आंधळं. आवाज मात्र पाण्यात सुसाट पळतो, हवेतल्यापेक्षा चौपट वेगानं. तळातल्या यंत्रानं 'टक्' केलं आणि ते वर तरंगणाऱ्या तीन यंत्रांना किती वेळानं ऐकू आलं हे मोजलं, की तीन अंतरं मिळतात. नांदेडात एखादी मैत्रीण फोनवर म्हणाली, "मी स्टेशनपासून एक किलोमीटरवर आहे," तर ती स्टेशनभोवती कुठंही असू शकते. "आणि गुरुद्वाऱ्यापासून अर्धा," म्हणाली की जागा दोनच उरतात. तिसरं अंतर सांगितलं की ती सापडली. माझा विषय म्हणजे एवढंच, फक्त मैत्रीण पाण्यात बुडालेली असते.

या सगळ्याचं मूळ आमच्या घरात आहे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, लातुरात बोअरमध्ये सोडायच्या मोटारी दुरुस्त करायचे. लहानपणी मी त्यांच्या मागं लागून कुणाच्या वावरात, कुणाच्या परसात जायची. बोअरच्या तोंडाशी अण्णा उकिडवे बसायचे, एक खडा आत सोडायचे आणि मला म्हणायचे, "कान लाव." खडा पाण्याला लागल्याचा आवाज वर आला की ते पाणी किती खाली गेलंय ते सांगायचे. मला ती जादू वाटायची. आवाजाला अंतर कळतं, हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी कान लावून ऐकलं होतं.

अण्णांनी बंद केलेली मोटर म्हणजे गिऱ्हाईक निर्धास्त. पण अलीकडं त्यांची बोटं थरथरायला लागली. मग मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून गेलेली एक मोटर परत आली. उघडली तर आतल्या तेलात पाणी. गिऱ्हाईक जुनं, भला माणूस, तो एक शब्द बोलला नाही. तेच अण्णांना लागलं. त्यांनी पाने-पकडी गोणपाटात गुंडाळल्या आणि दुकानाचं शटर ओढलं, ते ओढलंच. अंगणात ते खुर्ची सावलीत घेऊन बसायचे आणि सावली सरकली की खुर्ची सरकवायचे. मला ते बघवत नव्हतं.

त्याच सुमारास मला तळात ठेवायच्या यंत्रासाठी एक कवच हवं होतं. जाड पाइपचं नळकांडं, दोन्ही तोंडांना झाकण, झाकणाखाली रबरी कडं, आणि आत थेंबसुद्धा शिरता कामा नये. मी अण्णांना म्हटलं, तुम्ही करा. ते म्हणाले, "दुसऱ्याकडून करून घे माय. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई." मग मी भांडले. भांडण मला चांगलं जमतं, आणि ते कुणाकडून आलंय हे आईला विचारा. शेवटी अण्णांनी गोणपाट सोडलं. नळकांडं करायला त्यांना अवाच्या सवा वेळ लागला. रोज संध्याकाळी ते घरातल्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवायचे आणि सकाळी आई नळाच्या पाण्यासाठी ड्रम रिकामा मागायची, त्यावरून दोघांची खडाजंगी. ड्रममध्ये ते टिकलं. पण ड्रम तो ड्रम आणि तलाव तो तलाव, हे अण्णाही जाणून होते आणि मीही. हे नळकांडं गळालं, तर अण्णा पुन्हा कधी पान्याला हात लावणार नाहीत, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती.

मी नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते. तिथल्या हिवाळी परीक्षा संपल्या तसे अण्णा एसटीनं नांदेडला आले, नळकांडं मांडीवर घेऊन. कंडक्टरनं "काय आहे यात?" विचारलं तेव्हा म्हणाले, "लेकीचा अभ्यास."

नांदेडहून मुदखेडच्या बाजूला जाताना आत वळलं की एक मोठा तलाव लागतो. कॉलेजात माझ्यासोबत शिकवणारे एक सर आहेत, माझ्या रागाला न घाबरणारे बहुधा एकमेव. त्यांनी एका दिवसापुरती रबरी होडी मिळवली होती. आम्ही तिघं त्या होडीतून निघालो. वर तरंगायच्या तीन यंत्रांसाठी आम्ही तेलाचे रिकामे कॅन वापरले होते. प्रत्येक कॅनखाली विटांचं गाठोडं दोरीनं सोडलेलं, म्हणजे तो जागचा हलू नये. काठावरून दिसावेत म्हणून अण्णांनी प्रत्येक कॅनला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. पहिले दोन कॅन काठाजवळ, तिसरा आत, पाण्याच्या मध्याकडं. तिन्हींच्या जागा आम्ही फोनच्या जीपीएसवर टिपल्या. मग नळकांडं सोडायची वेळ आली, आणि अण्णा म्हणाले, "ह्याला दोरी?"

मी म्हटलं, "दोरी बांधली तर शोधायचं काय राहिलं?"

"अगं, आडात घागर सोडतानासुद्धा दोरी लागती."

"घागर बोलत नाही अण्णा. हे बोलतं."

सर होडीच्या टोकाला बसून हसत होते. अण्णांनी नळकांड्याच्या डोक्यावरची कडी एकदा ओढून बघितली, झाकणावरून अंगठा फिरवला आणि ते स्वतःच्या हातानं पाण्यात सोडलं. बुडबुडे आले, थांबले. आतल्या बॅटरीवर यंत्र आठवडाभर टक् टक् करणार होतं, तेवढ्यात ते नुसत्या आवाजावरून शोधून काढायचं. संध्याकाळी होडी परत गेली. आता आम्हाला पाण्यात जायचं कारणच नव्हतं. कॅनमधली यंत्रं ऐकलेलं सगळं काठावरच्या माझ्या लॅपटॉपला कळवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीखाली बसून मी पहिलं गणित चालवलं. नकाशावर ठिपका उमटला. सर वाकून बघायला लागले. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, आपलं यंत्र चालत चालत हळदीत गेलंय."

खरंच. ठिपका तलावाच्या काठापलीकडं, हळदीच्या वावरात. मला इतका राग आला की मी फोन घेऊन त्या जागेवर चालत गेले. जशी काही मी जाऊन उभी राहिले की नळकांडं शरमेनं वर येणार होतं. वावराचे मालक पाणी द्यायला आले होते. फोन बघत हळदीतून चाललेली बाई आणि मागं लॅपटॉप धरलेला माणूस पाहून ते धावतच आले.

"मोजणी हाय का? रस्ता जायलाय का आमच्या वावरातून?"

"नाही हो. आमचं पाण्यातलं यंत्र हरवलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तलावाकडं बघितलं, पायाखालच्या हळदीकडं बघितलं. "हितं?" एवढंच म्हणाले. रस्ता जात नाही म्हटल्यावर मात्र त्यांनी इतक्या आनंदानं आम्हाला चहा पाजला की सांगता सोय नाही.

परत आलो तेव्हा सरांचं हसू संपलं होतं. त्यांनी हळू आवाजात त्यांचं मत सांगितलं: आत पाणी शिरलं असणार, त्यामुळं यंत्राचं घड्याळ बिघडलं, घड्याळ चुकलं म्हणून अंतरं चुकली. हळू आवाज करून काही उपयोग नव्हता, अण्णा मागंच उभे होते.

"शिरलंच असंल," अण्णा म्हणाले. "मी सांगितलं होतं हिला."

त्या संध्याकाळी माझ्या खोलीवर त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. मी शेंगांची चटणी पुढं केली, ठेचा केला, ओरडून बघितलं. काही केल्या जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "मी जातो लातूरला. हितं बसून काय करायलोय मी?" मी त्यांची पिशवी कपाटात टाकून कुलूप लावलं. हा काही प्रौढपणा नाही, मान्य.

पुढच्या दिवशी ठिपका पुन्हा हळदीत. त्याच्या पुढच्या दिवशीही हळदीत. मी ऑटोतून कॉलेजला चालले होते, मनात नुसता संताप, की कितीही वेळा मोजा, हा हट्टी ठिपका हळदीच्या त्याच सरीत जाऊन बसतोय, जराही इकडं-तिकडं होत नाही. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी ओरडले, "तीच जागा! रोज तीच जागा!"

ऑटोवाल्यानं कचकन ब्रेक मारला. "हितंच उतरायचंय का मॅडम?"

हसू नका, पण मी त्या भल्या माणसाला ऑटोतच समजावून सांगितलं. आत पाणी शिरत असतं तर घड्याळ रोज जास्त बिघडलं असतं. आज हळदीत, उद्या उसात, परवा मुदखेडच्या स्टेशनात. हे यंत्र तर रोज शब्दही न बदलता तेच सांगत होतं. म्हणजे चूक होती ती पक्की, न हलणारी होती. मग खोटं नळकांडं बोलत नव्हतंच कदाचित! ज्या तीन कॅनवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला होता, त्यांच्यातच कुणाचीतरी गडबड होती. ऑटोवाला म्हणाला, "बराबर हाय," आणि ऑटो वळवून मला पुन्हा खोलीवर सोडलं. अण्णा दारात उभे होते. मी त्यांचा हात धरून ओढतच खाली आणलं. त्याच ऑटोत सरांना उचललं आणि तलाव गाठला.

वाटेत मला एका जागी बसवत नव्हतं. कॅनमधली यंत्रं नुसती ऐकत नव्हती, त्यांना हाकही मारता येत होती. तोवर आम्ही त्यांना एकमेकांशी बोलायला सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या जागा आम्हाला ठाऊक होत्या ना! आता मी बाभळीखाली बसले आणि पहिल्याला हुकूम सोडला: दुसऱ्याला हाक मार. अंतर आलं. आम्ही टिपलेल्या जागांशी तंतोतंत जुळलं. मग पहिल्यानं तिसऱ्याला हाक मारली. चूक! बरीच मोठी चूक! दुसऱ्यानं तिसऱ्याला हाक मारली. तीही चूक!

"तिसरा!" मी उभीच राहिले. "तिसरा हललाय! अण्णा, तिसरा कॅन जागेवर नाही! तुमच्या नळकांड्याचा काही दोष नाही!"

सर तर टाळ्या वाजवायला लागले. अण्णा तेवढे शांत होते. त्यांनी विचारलं, "कॅन हलला हे समजलं. पण म्हणून माझ्या नळकांड्यात पाणी न्हाई, असं कुठं ठरतंय?"

त्यांचं बरोबर होतं. एका चुकीमागं दुसरी लपलेली असू शकते. ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बॅटरीचा अर्धाअधिक आठवडा सरला होता.

काठावर मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या लागलेल्या असतात. एक बाई जाळं झटकत होती. मी तिला होडी मागितली आणि मधला हिरव्या चिंधीचा कॅन दाखवून विचारलं, तो कुणी हलवला का?

"हलवला की, मीच," ती मोठ्या अभिमानानं म्हणाली. "आमचाच हाय त्यो."

मग उलगडा झाला. या तलावात मासेमारी करणाऱ्या घरांनी पाणी वाटून घेतलंय, आणि जाळ्यावर तरंगणाऱ्या कॅनला प्रत्येक घराची आपल्या रंगाची चिंधी असते. कुणाची लाल, कुणाची पिवळी. वाऱ्यानं कॅन दुसऱ्याच्या पाण्यात गेला तर तो त्याच्या धन्याच्या पाण्यात नेऊन सोडायचा, अशी त्यांची रीत. हिरवी चिंधी या बाईच्या घराची. आम्ही आमचा कॅन नेमका लाल चिंधीवाल्यांच्या पाण्यात टाकला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी तिला निरोप दिला, तुझा कॅन आमच्याकडं वाहून आलाय. तिनं लगोलग नवऱ्याला घेऊन तो विटांच्या गाठोड्यासकट उचलला आणि आपल्या पाण्यात आणून ठेवला. काठाजवळ कुणी जाळं टाकत नाही, म्हणून पहिले दोन वाचले. काठावरून बघताना आम्हाला पाण्यात हिरवी चिंधी दिसायची आणि आमचं समाधान व्हायचं.

"विटा बघून मीबी म्हणून राहिले की हे असं कोण बांधलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आमच्या म्हाताऱ्याचं काम असंल."

मला तिच्यावर रागवायचं होतं, पण तिच्या घराच्या रंगाची चिंधी दुसऱ्याच्या पाण्यात मीच नेऊन टाकली होती. मी पोट धरून हसले. अण्णासुद्धा हसले, त्या चार दिवसांत पहिल्यांदा.

तिच्या होडीतून आम्ही तिसऱ्या कॅनजवळ गेलो, त्याची खरी जागा फोनवर घेतली आणि होडीतच गणित पुन्हा चालवलं. ठिपका हळदीतून उठला आणि तलावात आला! आमच्यापासून थोड्याच अंतरावर! मी इतक्या जोरात किंचाळले की होडी डुलली आणि बाई म्हणाली, "ताई, बसा खाली, न्हाईतर तुम्हालाबी हुडकावं लागंल."

फोन बघत मी तिला दिशा सांगत गेले. डावीकडं, अजून, थांबा, मागं. "हितं," मी म्हटलं. तिच्याकडं विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ होता. तो तिनं दोरीनं सोडला आणि तळावरून ओढत नेला. वर आलं शेवाळ. पुन्हा सोडला, तर एक फाटकी चप्पल आली. सर म्हणाले, "चपलेचं ठिकाण तरी अचूक सापडलं." मी त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं. मी दोरी हातात घेतली. हळूहळू ओढत आणली, आणि काहीतरी अडकलं. जड. मी ओढलं, ते आलं. गढूळ पाण्यातून आधी कडी दिसली, मग ते पांढरं नळकांडं, गाळानं माखलेलं. मी ठिपक्यावर बोट ठेवलं होतं आणि ठिपक्याखाली ते खरंच होतं! नुसत्या आवाजावरून! मला ओरडायचं होतं, पण मी अण्णांकडं बघितलं आणि नळकांडं हळूच होडीत ठेवलं. ते नळकांड्याकडं बघत होते, दवाखान्यात डॉक्टर बाहेर आल्यावर माणूस बघतो तसे.

काठावर आलो. अण्णांनी ते उपरण्यानं पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. "उघड तू."

"मी नाही. तुम्ही बंद केलंय, तुम्हीच उघडा."

ते खाली बसले. पान्याला बोटं थरथरत होती. स्क्रूवर पाना बसेना, घसरायचा, पुन्हा बसवायचे. माझे हात पुढं जायला तडफडत होते, ते मी पदराखाली घट्ट धरून ठेवले. सर दुसरीकडं बघत होते. होडीवाली बाई मात्र शेजारी उकिडवी बसून टक लावून बघत होती. एक एक स्क्रू निघाला. झाकण निघेना. अण्णांनी ते पिळलं, आणि 'फस्स' आवाज होऊन ते सुटलं.

त्यांनी आत बघितलं नाही. आधी बोट घातलं. कडेकडेनं, तळापर्यंत, रबरी कड्याच्या खाचेतून, सगळीकडून फिरवलं. मग बोट बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं, परत चोळलं.

"कोरडं हाय," ते म्हणाले. मग बाईकडं वळून तिलाही सांगितलं, "कोरडं हाय ओ बाई. बिलकूल कोरडं." मग सरांना सांगितलं. मला सांगायच्या आधीच मी रडायला लागले होते, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती.

मी डोळे पुसेपर्यंत अण्णांनी खिशातली ग्रीसची डबी काढली होती. त्यांनी रबरी कडं पुसलं, ग्रीस लावलं, जागेवर बसवलं. सरांकडून नवी बॅटरी मागून घेतली. झाकण ठेवून स्क्रू पिळायला लागले, एक इकडचा, एक समोरचा. बोटं तशीच थरथरत होती, आणि या वेळी त्यांनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही.

"अण्णा, चला, घरी जाऊ. काम झालं," मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकलंसुद्धा नाही. नळकांडं काखेत मारून ते होडीकडं निघाले होते.

"बाई," ते म्हणाले, "ह्या तलावात सगळ्यात खोल कुठं हाय? तिथं घ्या."